भाकरीच्या ओळीपर्यंत

मोठी चादर घडी करायला दोन माणसं लागतात. एकट्यानं होत नाही असं नाही, पण ती घडी नव्हे, ती नुसती गुंडाळी. ज्या माणसाची ही गोष्ट आहे, त्याचं हे ठाम म्हणणं होतं. आणि ते मोडलं कुणी, तर त्यानंच.

त्याला सगळे चादरवाला म्हणत. मोठ्या दवाखान्याच्या चादरी त्याच्याकडे धुवायला यायच्या. आधी त्याच्या बापाकडे यायच्या, बाप थकल्यावर याच्याकडे. घराच्या मागं फरसबंदी अंगण, त्यात दोन हौद, एक भलीमोठी कढई, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेल्या तारा. वारा सुटला की सगळं अंगण शिडं उभारल्यासारखं फुगायचं. सोड्यानं हातांची कातडी पांढरी पडलेली, नखांत नीळ बसलेली. दवाखान्याला इस्त्री नको असायची, घडी हवी असायची. कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ. नर्सबाईनं अंधारात हात घातला तरी टोक सापडलं पाहिजे, अशी घडी.

तो अंगानं ताडमाड. बायको लग्न होऊन आली ती त्याच्या काखेला लागत होती. दोघांनी चादर धरली की ती घसरगुंडीसारखी तिरकी व्हायची. त्यानं तिच्यासाठी एक लाकडी ठोकळा करून दिला, त्यावर ती उभी राही. नवीन लग्न, तो मुलखाचा लाजाळू. दिवसभर दोघं समोरासमोर, हातात एकच कापड, आणि तोंडातून शब्द नाही. शेवटी तीच म्हणाली, "अहो, दोन मुकी माणसं कामाला ठेवलीत असं वाटेल कुणाला. बोलायचं नसेल तर निदान प्रार्थना तरी म्हणू."

"कुठली?"

"दुसरी कुठली येते तुम्हाला?"

खरंच दुसरी येत नव्हती. प्रभूनं शिष्यांना शिकवली ती, चर्चच्या मंडळीतल्या पोरासोरांनाही पाठ असणारी. ती त्यांनी घडीवर बसवली. चादर झटकताना ती पित्याला हाक मारी, तो नावाची ओळ म्हणे. उभी घडी घालताना तिची राज्याची ओळ, त्याची इच्छेची. मग ती ठोकळ्यावरून उतरून त्याच्याकडे चालत येई. या पहिल्या भेटीला भाकरीची ओळ, दोघांनी मिळून. आपली टोकं त्याच्या हातात देऊन ती खाली लोंबणारी दुमड उचली, मागं सरून पुन्हा पुढं येई. दुसऱ्या भेटीला माफीची ओळ, तिसऱ्या भेटीला वाइटापासून सोडवण्याची, त्याही मिळूनच. मग चादर ढिगावर ठेवायची, वरून एक थाप मारायची, आणि थापेबरोबर आमेन.

लहान मुलांच्या खाटांच्या चादरी तेवढ्या वेगळ्या. त्या एका भेटीत संपायच्या, त्यामुळे प्रार्थना भाकरीच्या ओळीलाच थांबायची. "बाळांना तेवढी पुरते," ती म्हणायची. "त्यांनी अजून काय केलंय माफी मागण्यासारखं?"

मोठ्यांना मात्र तेवढी पुरत नव्हती. एकदा तिच्या भावावरून दोघांचं वाजलं. सकाळपासून अबोला. पण दवाखान्याची गाडी यायची होती, चादरी तर घडी करायलाच हव्यात. झटकणं झालं, पहिली भेट झाली, भाकर मागून झाली. दुसऱ्या भेटीला दोघं समोरासमोर येऊन उभे राहिले. चादर दोघांच्या हातात, आणि ओळ कुणाच्याच तोंडात नाही.

"म्हणा की," ती म्हणाली.

"तू म्हण आधी."

"ही मिळून म्हणायची असते."

"मग म्हण मिळून."

बोटांना बोटं लागलेली, हात भरून आलेले, आणि चादर खाली ठेवावी तर पुन्हा धुवावी लागणार. शेवटी तिला हसू फुटलं, तिच्या हसण्यावर त्याला फुटलं, आणि हसता हसता ती ओळ कशीबशी पार पडली. त्या घरातलं कुठलंही भांडण एका चादरीपेक्षा जास्त टिकलं नाही, ते असं. तेव्हा त्याला वाटायचं, आपला स्वभावच चांगला आहे.

एके दिवशी मंडळीचे पाळक वेदीवरचं कापड न्यायला आले आणि दारातच थबकले. तारांवर चादरी, चादरींच्या आड दोन आवाज. आमेन होईपर्यंत ते पुढं आले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या घरात प्रार्थनेला सुट्टीच नाही म्हणायची. येत्या रविवारी उपासनेत तुम्हीच प्रार्थना करा."

तो घाबरला. बायकोनं शर्टाची गुंडी लावून देताना सांगितलं, "हात वर धरू नका. तिथं चादर नसते."

आणि काय आश्चर्य, त्याला ते जमलं. आवाज मुळातच भरदार, अंगणातल्या वाऱ्याशी झगडून कमावलेला. शब्द एकामागून एक येत गेले. लोकांनी डोळे पुसले. बाहेर पडताना एका म्हाताऱ्यानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. आयुष्यभर ज्याचा हात लोकांनी ओला म्हणून टाळला होता, त्याला हे नवीन होतं.

मग बोलावणी सुरू झाली. कुणाचं दुकान उघडायचंय, कुणाचं बाळ आजारी आहे, कुणाला दूरच्या प्रवासाला निघायचंय. पुढं मंडळीनं त्याला पंच केलं. चादरवाला हे नाव मागं पडून तो प्रार्थनेचे काका झाला. अंगणात मात्र तो आता घाईत असायचा. ओळी तोंडातून निघायच्या आणि डोकं संध्याकाळच्या प्रार्थनेत नवा शब्द शोधत असायचं. हे त्याच्या लक्षात आलं, हे त्याचं प्रामाणिकपण म्हणायचं. पण त्यातून त्यानं जो अर्थ काढला, तिथं तो फसला.

पंचांच्या बैठकीत तो म्हणाला, "हात कामात, मन भलतीकडं, आणि तोंडानं देवाचं नाव. ही काय प्रार्थना झाली? देवाला आपण उरलंसुरलं देतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी येऊन त्यानं ते लागू केलं. यापुढं प्रार्थना संध्याकाळी, हातपाय धुऊन, स्वच्छ कपड्यांत, गुडघे टेकून.

बायको ठोकळ्यावर उभी होती. तिनं विचारलं, "म्हणजे उद्यापासून इथं नाही?"

"इथं काम. तिथं प्रार्थना."

"बरं," ती म्हणाली, आणि चादर झटकली.

ते 'बरं' त्याच्या कानांत पुढं किती तरी दिवस वाजत राहणार होतं, पण त्या दिवशी त्याला ते ऐकूच आलं नाही. त्याला वाटलं, तिला पटलं.

संध्याकाळची प्रार्थना सुरू झाली. त्याची लांबलचक, सुंदर प्रार्थना. दिवसभर हौदात वाकलेली बाई गुडघ्यावर बसल्या बसल्या पेंगायची, आणि त्यांची लेक आईला कोपरानं ढोसायची. तो एकदा रागावलासुद्धा, "देवासमोर झोप कशी येते तुला?" तिनं पदरानं तोंड पुसलं. पूर्वी असलं काही झालं की दुसऱ्या दिवशी चादरीत मिटायचं. आता चादरी मुकाट्यानं घडी व्हायच्या, आणि जे मिटायचं ते घरात साठत गेलं.

पुढं त्याचं अंगणात असणंच कमी झालं. बोलावणं आलं की हातातली टोकं टाकून तो निघायचा. एकदा तिनं सांगितलं, "भिंतीत दोन खुंट्या ठोकून द्या. टोकं अडकवीन आणि करीन माझी मी." त्यानं मोठ्या हौसेनं ठोकून दिल्या. आपले हात कुठवर येतात ते भिंतीपाशी उभं राहून बघितलं आणि बरोब्बर तिथं खुणा केल्या. "आता मी असल्यासारखंच," तो म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर हसला.

वर्षं गेली. लेक लग्न होऊन गेली. त्याची सासू वारली. केसांत चादरीचा रंग आला.

मग एका दुपारी हातगाडीवाल्यानं त्याला दवाखान्यात बोलावून घेतलं. हा हातगाडीवाला त्याचा जुना सोबती. चादरींचे गठ्ठे वाहता वाहता दोघं म्हातारे झालेले. त्याच्या पोटाचं दुखणं वाढलं होतं. आता तो त्याच चादरींपैकी एकीवर पडला होता. चादरवाल्यानं खुर्ची ओढली, डोळे मिटले आणि प्रार्थना केली. शेजारच्या खाटांवरची माणसंही गप्प झाली. आमेन झाल्यावर हातगाडीवाल्यानं एक डोळा उघडला.

"झाली?"

"आमेन म्हटलं की झाली."

"बेकरीवाल्याच्या आजारपणात हीच होती. पार 'थकल्याभागल्या देहाला'पर्यंत मला पाठ आहे. मधलं नाव तेवढं बदललंस."

चादरवाला कानकोंडा झाला. "प्रार्थनेत रोज नवं काय असणार?"

"तसं नव्हे रे. पूर्वी तुम्ही दोघं अंगणात म्हणायचात, तेही रोज तेच होतं. मी गाडी लावून बाहेर उभा राहायचो, मुद्दाम, तुमची थाप ऐकू येईपर्यंत. वाटायचं, आत कुणीतरी ऐकून घेतंय." तो जरा थांबून धाप टाकत राहिला. "इथं वाटलं, मीच तेवढा ऐकतोय."

"आजारी माणसानं इतकं बोलू नये."

"आजारी माणसानंच बोलावं. बऱ्या माणसाला कोण विचारतंय? बरं, एक सांग. एकटा असलास म्हणजे काय म्हणतोस त्याला?"

चादरवाला खुर्ची मागं सारून उठला. हातगाडीवाल्यानं अंगाखालच्या चादरीचा काठ चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाला, "कापड मात्र अजून चांगलं धुता हं तुम्ही."

घरी यायचा रस्ता गोदामांच्या मागून जात होता. दुपारच्या वेळी तिथं चिटपाखरू नसे. त्यानं ठरवलं, आत्ता, इथंच, या मित्रासाठी काही म्हणायचं. तोंड उघडलं तर शब्द आले, पण ते सजूनधजून आले, जणू पुढं बाकांवर माणसं बसलीत. ते त्यानं थांबवले. साधं काहीतरी शोधू लागला. काहीच आलं नाही. एका गोदामाच्या दारापाशी तो उभा राहिला. ऐकायला कुणी माणूस नसेल तर आपल्याला देवाशी बोलता येत नाही, हे त्याला तिथं, भर उन्हात, कळलं. आणि त्याला खरोखर भीती वाटली. शेवटचं कधी आलं होतं? आठवत आठवत तो मागं गेला, गेला, आणि चादरीपाशी येऊन थांबला.

तो भरभर चालत घरी आला, पुढचं दार न उघडता बोळातून थेट अंगणात शिरला. तारांवर चादरी होत्या. चादरींच्या आड दोन आवाज होते.

एक बायकोचा. ती पित्याला हाक मारत होती. आणि नावाची ओळ, त्याची ओळ, दुसरंच कुणीतरी म्हणत होतं.

त्यानं चादर बाजूला केली. समोरचं टोक शिवणवालीच्या हातात होतं. ही शेजारची विधवा बाई, दवाखान्याच्या फाटक्या चादरींना ठिगळं लावून द्यायची. बायकोच्या उंचीची. ठोकळा कडेला पडला होता, त्यावर साबणाचा डबा. दोघी पहिल्या भेटीला आल्या, दुसऱ्या, तिसऱ्या. माफीची ओळ त्यांनी अशी सहज म्हटली, जसं कुणी जाता जाता दार लोटून घ्यावं. थाप. आमेन.

"आज लवकर?" बायकोनं विचारलं.

"हे कधीपासून चाललंय?"

"चोरी धरल्यासारखं काय विचारता काका," शिवणवाली म्हणाली. "देवाचंच नाव घेत होतो. पाणी पिऊन येते मी." जाता जाता तिनं बायकोकडे पाहून भुवई उडवली.

बायको बाकावर बसली. तिनं नुकतीच घडी केलेली चादर मांडीवर घेतली आणि तिचा काठ हातानं सारखा करत राहिली.

"तुम्ही बंद केलंत," ती म्हणाली. "मी नव्हतं केलं. आधी मनात म्हणायचे. मग खुंट्या आल्या, तेव्हा खुंट्यांबरोबर म्हणायला लागले. माझी ओळ म्हणायची आणि तुमच्या ओळीपुरतं थांबायचं. सवय होती ना. पण भेटीच्या ओळी मिळून म्हणायच्या. खुंट्या काय मिळून म्हणणार? एक दिवस भाकरीच्या ओळीला थांबले ती थांबलेच."

"थांबलीस म्हणजे?"

"म्हणजे नाही म्हटलं. चादरीत नाही, मनात नाही, कुठंच नाही. उपासनेत ओठ हलवायचे. घरी तुमची ऐकायचे."

"किती दिवस?"

"दिवस कसले अहो. लेकीचं लग्न झालं तेव्हा नव्हतं. आई गेली तेव्हा नव्हतं."

सासूच्या मातीला प्रार्थना त्यानंच केली होती. सगळे रडले होते. शेजारी ही कोरड्या डोळ्यांनी उभी होती, आणि त्यानं मनाशी म्हटलं होतं, काय श्रद्धा आहे हिची. नंतर हे त्यानं दोन-तीन ठिकाणी दाखला म्हणून सांगितलंही होतं.

"मला सांगायचं होतंस."

"कधी? तुम्ही प्रार्थनेत असायचात."

हे ती टोमणा मारून म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती साधंच बोलली, दवाखान्याची गाडी कधी येणार ते सांगावं तसं. मग म्हणाली, "हिनं एक दिवस ठिगळाच्या चादरी आणल्या आणि न विचारता समोरचं टोक धरलं. हाताला ओढ लागली आणि तोंडातून आपोआप निघालं. मीच दचकले. तिनं पुढची ओळ म्हटली. तेव्हापासून म्हणतोय."

चादरवाला पुढं सरला. मग म्हणाला, "मी धरू का टोक?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. उठली, तारेवरची एक मोठी चादर ओढली, ठोकळ्यावरचा साबणाचा डबा उतरवला आणि वर चढली. चादर झटकली. पित्याला हाक मारली.

आता त्याची ओळ. नावाची. पाच शब्दांची. त्यानं सुरुवात केली आणि त्या नावाला विशेषणं लागली, विशेषणांना आणखी काही चिकटलं, आवाज आपोआप भरला. थांबावंसं वाटत होतं आणि थांबता येत नव्हतं. इतक्या वर्षांत ती ओळ त्याच्या तोंडात आखूड राहिलीच नव्हती. बायको हात उंच धरून वाट पाहत होती. तिचे खांदे उतरले, मधला झोळ फरशीला टेकला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "चादर लोळतेय."

मधोमध मातीचा पट्टा उमटला होता. चादर पुन्हा हौदात गेली.

"परत एकदा करू," तो म्हणाला.

"नको. हात दुखतात माझे. मोठ्या चादरी आम्ही दोघी करू, आमची लय बसलीय आता." ती रागावली नव्हती, हेच त्याला लागलं. रागावली असती तर काहीतरी मागायचं बाकी आहे असं तरी झालं असतं.

तो भिंतीपाशी गेला आणि एक खुंटी उपटू लागला. दोन्ही हातांनी हलवून पाहिली. हलली नाही. चांगली ठोकली होती त्यानं.

"राहू द्या त्या," बायको मागून म्हणाली. "टोपल्या अडकवायला होतात." मग म्हणाली, "इकडं या. लहान मुलांच्या वॉर्डाच्या आहेत या. या करू."

लहान चादरीला ठोकळा लागत नाही. झटकलं, तिनं पित्याला हाक मारली. त्यानं दात दाबून फक्त पाच शब्द म्हटले. तिची राज्याची ओळ, त्याची इच्छेची. ती चालत आली. भाकरीची ओळ दोघांनी मिळून म्हटली, बोटांना बोटं लागली, आणि चादर संपली. पुढची ओळ दोघांनाही ठाऊक होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती चादरीकडे पाहत होती. तिनं घडी ढिगावर ठेवली, थाप मारली, आमेन म्हटलं, आणि दुसरी उचलली.

हातगाडीवाला त्याच आठवड्यात गेला. मंडळीनं विचारलं तेव्हा चादरवाल्यानं नाही म्हटलं, पाळकांनाच प्रार्थना करायला लावली. लोकांना वाटलं, सोबती गेला, मनाला लावून घेतलंय. पुढंही तो नाही म्हणत राहिला. पंचपद दुसऱ्या कुणाकडे गेलं. काही जण पुन्हा चादरवाला म्हणू लागले.

आता तो दिवसभर अंगणात असतो. हौद त्याच्याकडे, पिळणं त्याच्याकडे. मोठ्या चादरी दोघी बायका घडी करतात, आणि माफीची ओळ तारांपलीकडून त्याला ऐकू येते. वॉर्डात मुलं कमी असली की लहान चादरी कमी येतात. मुलं कमी असावीत, हेच बरं, असं तो स्वतःला बजावतो. मधल्या मापाची चादर दवाखान्यात नसते.

दुपारी दोघी आत जेवायला गेल्या की तो उशांचे अभ्रे घेऊन बसतो. त्यांना दुसरं माणूस लागत नाही. भिंतीकडे तोंड करून, खुंट्यांच्या समोर, तो एकेक अभ्रा सारखा करतो. ऐकायला कुणी नसतं. तिच्या हाकेपुरता तो थांबतो, मग आपली नावाची ओळ म्हणतो. राज्याच्या ओळीपुरता थांबतो, मग इच्छेची म्हणतो. भेटीच्या ओळींना मात्र नुसताच थांबतो. अभ्रा मांडीवर ठेवून, हात त्यावर तसेच धरून, ती जशी थांबत असेल तसा.